मुलाण्यानं झाकलेलं

या, असं पुढं सरकून बसा. दारात नका बसू, वारं लागतंय. बुवांचा चहा व्हायचाय, कीर्तन उभं राहायला अजून वेळ आहे. तोवर उत्रोलीच्या नूरमहंमद मुलाण्याची गोष्ट ऐका. संताची गोष्ट आहे. फक्त ह्यात स्वतःला संत म्हणवणारा एक निराळा, आणि खरोखर होता तो निराळा. त्याच्या सुनेला, जैतूनला, हे फार उशिरा कळलं, म्हणून तिच्याच अंगानं सांगायची.

जैतूनचं माहेर मार्गासनीचं. नवरा आयूब दुधाचा टेम्पो चालवायचा. थोरली आस्मा नववीत, धाकटा अजून कडेवरचा. आस्माला लहानपणापासून फिट यायची. भोरच्या डॉक्टरांनी गोळी लावून दिली होती, आणि ती रोज द्यायचं काम नूरमहंमद म्हाताऱ्याकडं. पहाटेची फजरची नमाज झाली की तो पाण्याचा तांब्या घेऊन नातीच्या उशाशी बसायचा.

"ऊठ गं म्हातारे."

"तुमीच म्हातारे," ती डोळे न उघडताच म्हणायची आणि आ करायची.

गोळीनं फिट आवरली होती. पण डॉक्टर म्हणाले होते, गोळी सोडायची नाही. आणि रोज गोळी खाणारी पोर उद्या कोण करून घेणार, ह्या घोरानं जैतूनच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

म्हातारा गावचा मुलाणी. जत्रेचं बोकड त्याच्याच हातानं, अल्लाचं नाव घेऊन कापलं जायचं; त्याशिवाय मराठ्यांच्या चुलीवरसुद्धा मटण चढत नसे. एरवी वेशीबाहेरच्या पिराची झाडलोट करायची, गुरुवारी ऊद घालायचा, एवढंच. कुणी रडतं पोर आणून म्हणालं, "आबा, फुंकर घाला," तर फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "आता दवाखान्यात न्या. ही नुसती म्हाताऱ्याच्या तोंडाची वाफ हाय." लोक हसायचे. जैतूनला मात्र त्याचा राग यायचा. घरात पिराची सेवा, आणि घरच्याच पोरीला गुण नाही!

तेवढ्यात किकवीला हायवेच्या कडेनं मस्तानशहा म्हणून एक बाबा येऊन बसला. पत्र्याची शेड, हिरवा झेंडा, दारात गाड्यांची रांग. जैतूनची बहीण तिला तिकडं घेऊन गेली. बाबा डोळे मिटून डुलत होता. अजान झाली, बाहेरची चार माणसं नमाजीला उठली, बाबा जागचा हलला नाही. रमजान चालू होता आणि त्याच्यापुढं फळांचं ताट होतं.

बहीण कानाशी लागली, "मस्त हाय तो. अल्लाच्या याडात बुडालेल्याला नमाज-रोजा माफ असतो."

आमच्या मुलखात हे जुनं आहे. असा मस्त दिसला की पाय धरायचे, का आणि कसं विचारायचं नाही. जैतूननंही विचारलं नाही. जे पाहून शंका यायची, तेच तिला त्याच्या मोठेपणाची खूण वाटलं.

घरी येऊन तिनं सासऱ्याला सांगितलं. म्हातारा सुरीला धार लावत बसला होता.

"मस्ताला माफ हाय, खरं हाय," तो म्हणाला. "पर खऱ्या मस्ताला अंगावर कापड हाय का न्हाई, तेबी ठावं नसतं. ह्याला काय काय ठावं असतं ते बग जरा."

"तुमाला बघवत न्हाई, अब्बा. त्यांच्याकडं गाड्या येत्यात, तुमच्याकडं बकरी."

"बकरी बरी गं," म्हातारा हसला. "ती येऊन 'पीरसाहेब' म्हणत न्हाई. अगं, अल्लाचा खरा वली असतो त्योच वरडून सांगत न्हाई. त्याला सांगायची चोरी असती. आणि आपुन कोण? पिराचा झाडूवाला."

पुढच्या खेपेला बाबानं जैतूनच्या हातातली आस्माच्या गोळ्यांची पट्टी पाहिली. "ह्याच्यावर भरोसा, का आमच्यावर?" तो म्हणाला. "जिथं ही असेल, तिथं आमची दुवा पोचायची नाही."

जैतूननं पट्टी तिथंच टाकली. आणि घरी येऊन म्हाताऱ्याला सांगितलं, "डॉक्टरांनी गोळी बदलली. येळ निराळी हाय तिची, आता म्याच देत जाईन."

"बरं," म्हातारा म्हणाला. सुनेच्या शब्दावर शंका घ्यायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. आस्मालाही जैतूननं बजावलं होतं, आता बाबाची दुवा आहे, गोळी नको, आणि आजोबांपुढं बोलायचं नाही. सकाळी तो नुसताच नातीच्या उशाशी बसून उठून जाऊ लागला.

भातलावणीचे दिवस आले. सगळं गाव खाचरांत वाकलेलं. जैतून सर्जेरावांच्या खाचरात रोप लावत होती. आस्मा आईसाठी भाकरी घेऊन बांधावरून येत होती. तिला फिट आली तेव्हा कुणी मान वर केलेली नव्हती. सर्जेरावांची बायको अक्काबाई कंबर सरळ करायला म्हणून उभी राहिली, तेव्हा तिला चिखलात भाकरीचं फडकं दिसलं. पाणी घोटाएवढं होतं. पोर त्यात तोंडावर पडली होती. घोटाएवढ्या पाण्यात नववीतली लेक गेली.

मय्यत घरी आणली. आयूब टेम्पो घेऊन पुण्याच्या वाटेवर होता, त्याला फोन गेला. तो यायच्या आत जैतून मागच्या पडवीत सासऱ्यापुढं कोसळली आणि तिनं सगळं सांगितलं. म्हातारा भिंतीला टेकला.

"आयूबला सांगते," ती म्हणाली. "मला मारून टाकू द्या त्यास्नी."

"मारणार न्हाई. घालवून दील. मग धाकट्याला आई कुठली?" म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "अल्लानं झाकलंय ते आपुन उघडायचं न्हाई. तू गप ऱ्हा. रड, पर गप ऱ्हा."

आयूब आला. लेकीपाशी बसला, आणि मग त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "गोळी चालू हुती ना? मग फिट आलीच कशी?"

जैतूनचे ओठ हलले. त्याआधी म्हातारा बोलला, "गोळी द्यायचं काम माझं हुतं, आयूब. म्या ते सोडलं."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"का सोडलं?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. जैतून गप राहिली. आणि त्या दिवसापासून आयूब बापाशी बोलायचा थांबला.

जैतून पुन्हा एकदा किकवीला गेली ती रडायला. बाबा डुलतच होता. "यकीन कमी पडलं तुझं," तो म्हणाला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बाबाचा एक डोळा उघडला. "बघ रे, भोरचा तो कंत्राटदार आला का? त्याला आधी सोड." मग डोळा मिटला आणि डुलणं सुरू झालं. जैतून तिथल्या तिथं उठली. सासऱ्यानं काय बघायला सांगितलं होतं ते तिला आता दिसलं. पण बघून काय करायचं होतं?

घरी रोज तेच. आयूब जेवायला बसला की म्हातारा ताट घेऊन पडवीत जायचा. गावातही बोलणं झालं. पोरीच्या औषधाचं ज्याला भान राहिलं नाही, त्याच्या हाती जत्रेचं काम नको, असं ठरलं, आणि म्हाताऱ्याच्या किकवीतल्या पुतण्याला बोलावलं. म्हाताऱ्यानं सुरी स्वतः पुसून त्याच्या हातात दिली. "धार मोडू देऊ नगंस, जनावराला तरास हुतो," एवढंच म्हणाला. जैतून दारामागून बघत होती. एकदा तिनं पाय धरले, "अब्बा, आता सांगू द्या." तो म्हणाला, "मला काय कमी हाय गं? तू वाढतीस, म्या खातो." आणि मग हळूच, "आस्माला दुवा करत जा. मलाबी."

माघात त्याला ताप भरला. आयूबनं त्याला दवाखान्यात नेलं, औषधं आणली, पण एक शब्द बोलला नाही. म्हाताऱ्याचे डोळे त्याच्या मागंमागं फिरायचे. तसेच फिरता फिरता मिटले.

दुपारी अंगणात जनाजा ठेवला. गाव जमलं. मय्यत उचलण्याआधी मुलानं पुढं होऊन माफी मागायची, अशी रीत असते. आयूब उभा राहिला.

"माझ्या बापाकडनं बोलण्या-चालण्यात कुणाचं काय दुखलं असंल, तर माफ करा."

"माफ, माफ," लोक म्हणाले.

सर्जेराव पुढं आले. "आयूब, तूबी म्हन की रं बाबा. तुझं तेवढं ऱ्हायलंय."

आयूबनं नकाराची मान हलवली. "पोर गेली माझी, काका," तो म्हणाला. "माझ्या तोंडातनं निघत न्हाई."

बायकांच्या घोळक्यातून जैतून बाहेर आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"नगा म्हनू," ती म्हणाली. "त्यांचं काय चुकलं म्हनून माफ करणार? गोळ्या म्या टाकल्या. किकवीच्या बाबापुढं टाकल्या. अब्बास्नी खोटं सांगून त्यांच्या हातनं काम काढून घेतलं. तुमी मला घालवाल म्हनून त्यांनी आपल्या अंगावर घेतलं, आणि म्या घेऊ दिलं."

किकवीचा पुतण्या तोंड झाकून रडायला लागला.

आयूब बापाच्या उशाशी बसला. कफनावरून चेहऱ्याशी हात नेला, मागं घेतला, पुन्हा नेला. "अब्बा," तो म्हणाला. "अब्बा, येक डाव बोला की." मग त्यानं मौलवींकडं पाहिलं. "आता म्या माफी कुणाकडं मागू?"

मौलवी म्हातारे होते. ते त्याच्या शेजारी बसले. "ते आता बोलायचे न्हाईत, बेटा. दुवा कर. ती अजून पोचती."

आयूबनं जैतूनला घालवलं नाही. म्हाताऱ्यानं जे राखलं होतं ते मोडायची त्याची छाती झाली नाही. पण त्या घरात दोघांत बोलणं थोडं आहे, आणि हसणं मुळीच नाही. गावानं म्हाताऱ्याच्या कबरीवर चादर चढवायची, चौथरा बांधायचा, असा आग्रह धरला होता. आयूबनं हात जोडले. साधी माती राहू द्या म्हणाला.

टाळ वाजले, बुवा उभे राहतायत. एवढंच मागणं आहे. आज विठ्ठलाचं नाव घ्याल, त्यात क्षणभर उत्रोलीच्या आस्माची आठवण काढा. म्हाताऱ्यानं स्वतःच्या आधी तिच्यासाठी दुवा मागितली होती.