पाणी दिल्यावर म्हणायचा शब्द

पोमा नाना आमच्या टोमॅटोवाल्या बायकांची राणी. घानातल्या आमच्या कुमासीच्या बाजारात एकेका मालाला एकेक राणी असते, कंदांची वेगळी, सुक्या मासळीची वेगळी, आणि मानाच्या बाईलाही आमच्यात नानाच म्हणतात. मी त्यांचा बोलका. राणी पाहुण्यांशी थेट बोलत नाही. ती हळू बोलते आणि मी ते मोठ्याने, जरा सजवून सांगतो. निवृत्त मास्तराला याहून सोयीचं काम नाही; दुसऱ्याचंच सांगण्यात हयात गेलेली.

मला माणसं मोजायची खोड आहे. नव्या इमारतीसाठी जुना बाजार पाडला तेव्हा एकशे चौदा जणी उठल्या. नव्या इमारतीत गाळा मिळाला एकोणतीस जणींना. बाकीच्या तीन वर्षं गटाराच्या काठाला पाट्या मांडून बसल्या आहेत. त्यातल्या चार वारल्या, दोघी लेकींकडे गेल्या. उरल्या एकोणऐंशी.

तेवढ्यात बातमी आली की जगभरच्या बाजारांच्या संघटनांची परिषद कुमासीत, राजांच्या या जुन्या राजधानीत भरणार. एक्केचाळीस पाहुणे नवा बाजार बघणार आणि उठवलेल्या बायकांची सोय झाली की नाही ते लिहून देणार. झाली असं त्यांनी लिहिलं की उरलेल्यांना गाळे द्यायची यादी कायमची बंद.

बाजार-कार्यालयाचा डोन्कोर नानांकडे आला. तोंडभर हसू, काखेत फाइल.

"नाना, स्वागत तुमच्या हातून. मोठा मान आहे."

"आणि बोलायचं काय?"

"पाणी द्यायचं, आपल्या रीतीचे दोन शब्द, झालं. भाषणाला आमची माणसं आहेत. आणि पाणी सीलबंद बाटलीतलं हं."

"बाटलीतून पाणी द्यायला मी काय औषधाच्या दुकानात बसते?" नाना म्हणाल्या. शेवटी आत बाटलीतलं पाणी आणि बाहेर नानांचा करवंटीचा कटोरा, असा तह झाला.

आता आमची रीत. दारात कुणीही आलं की आधी बसवायचं, पाणी द्यायचं. तो प्यायला की म्हणायचं, "बोकोओ. इथे सगळं शांत आहे. वाटेवरून तुम्ही आलात, तेव्हा काय ते तुम्हीच सांगा." मग पाहुणा येण्याचं कारण सांगणार. घरात माणूस आजारी असो की भावाभावांत डोकी फुटलेली असोत, आधी बोकोओ. बाकीचं नंतर.

मी म्हटलं, "नाना, दोन शब्द मिळालेत ना? मग तेच फिरवा. 'इथे शांत नाही' म्हणा. ते चमकतील, का म्हणून विचारतील. विचारल्यावर सांगायला आपण मोकळे."

नाना बराच वेळ टोमॅटो पुसत राहिल्या. "पाणी प्यायलेल्या माणसाला असं सांगायचं, टीचर? माझी आई थडग्यातून उठून थोबाडीत देईल."

"एकोणऐंशी जणी आहेत, नाना."

"माहीत आहे. तुझ्याआधी मी मोजल्यात."

चार संध्याकाळी तालीम केली. गटाराकाठी बसणाऱ्यांतली अडोमा पाहुणी झाली. नाकाला फडकं लावून आली आणि मुद्दाम डाव्या हाताने कटोरा घेतला. सगळ्या ओरडल्या, "अगं, उजवा!"

"मी परदेशी आहे," अडोमा म्हणाली, "मला काय कळतं?"

त्या हसण्यातच नाना स्पष्ट म्हणाल्या, "इथे शांत नाही." एकदा नाही, सहा वेळा म्हणाल्या. मी मोजलं.

परिषदेच्या दिवशी नव्या इमारतीच्या पायऱ्यांवर मांडव घातला होता. नाना केंटे, आमचं मानाचं रंगीत वस्त्र, नेसून बसल्या. मी काठी घेऊन शेजारी, मागे आमच्या बायका. पाहुण्यांची प्रमुख कुठल्याशा थंड देशातली उंच, पिकल्या केसांची बाई होती. ती येताना मी मनाशी म्हटलं, ही बाई डावा हात पुढे करणार, घाईत दोन थेंब पिणार, कॅमेऱ्याकडे बघणार. म्हणजे आपलं काम सोपं. जिला रीत कळत नाही तिच्याशी रीत मोडायला कसली लाज?

तिने चप्पल काढली. खाली बसली. कटोरा उजव्या हाताने घेतला, पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर सोडले आणि उरलेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग मान झुकवून वाट बघत राहिली. कुणी शिकवलं होतं देव जाणे, पण आमच्या सुनासुद्धा आताशा इतकं करत नाहीत.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"बोकोओ," नाना म्हणाल्या.

मागून एकोणऐंशी तोंडांनी सवयीने हुंकार भरला.

आता पाळी माझी. राणीचा शब्द पाहुण्यांदेखत बोलक्याने खोडायचा नसतो, सजवायचा असतो. मी काठी टेकवली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "नाना म्हणतात, इथे सगळं शांत आहे. नदीसारखं शांत आहे. वाटेवरून तुम्ही आलात, काय ते सांगा." नदी माझ्या पदरची.

डोन्कोरने इंग्रजी केलं. त्याच्यावर आळ घेता येणार नाही. त्याने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. नदीसुद्धा घेतली.

बाईंचे डोळे भरून आले. डोन्कोरने त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं, "त्या म्हणतात, इथल्या बायका समाधानी आहेत का हेच बघायला आम्ही आलो होतो. आम्ही विचारण्याआधीच तुम्ही सांगितलंत."

नाना अर्धवट उठल्या. "टीचर, सांग त्यांना..." पण ढोल सुरू झाले होते, आणि एक्केचाळीस पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी चार पावलं पुढे गेलो. बाईंनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

महिन्याभराने पुस्तिका आली. मुखपृष्ठावर नानांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: इथे सगळं शांत आहे, नदीसारखं. आतल्या पानावर यादी पूर्ण झाल्याची नोंद. मी उरलेल्या बायकांच्या गाळ्यांसाठी अर्ज घेऊन गेलो तर डोन्कोरने तीच पुस्तिका पुढे सरकवली. "टीचर, आवाज तुमचाच होता ना?"

नानांना कुणी बोललं नाही. फक्त एखादी मोटार गटाराचं पाणी पाट्यांवर उडवून गेली की कुणीतरी ओरडतं, "बोकोओ!" आणि सगळ्या हसतात. नाना हसत नाहीत.

परवा टेचिमान गावाहून माल घेऊन नवा ड्रायव्हर आला. नानांनी त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि रीतीप्रमाणे थांबला. नाना कटोरा परत घेऊन टोमॅटो निवडायला लागल्या. तो बिचारा तसाच उभा. बसावं की गाडीकडे जावं, त्याला कळेना.

"बस रे बाबा," अडोमा म्हणाली. "इथलं काय ते छापून आलंय."