टोळीचं तेल

कोरपन्यात अशी गाडी कोणी आणते काय! बसायला दोघं, मागं कोंबडीचं खुराडंही मावत नाही, अन् जमिनीला एवढी टेकलेली की बकरी तिच्याकडं वरून पाहत होती. स्पोर्ट्स कार म्हणे! लटारूभाऊनं बाजेवरूनच नाक मुरडलं. त्यांच्या पोरीनं, दिव्यानीनं, आपल्या मर्जीनं नागपूरच्या या स्वप्निलशी लग्न केलं होतं. तेव्हापासून बापाला एकच आस होती: आपला नवरा काही कामाचा नाही, असं तिनं एकदा कबूल करावं.

अन् देवच पावला. गाडीचा क्लच वाजत होता. पाय ठेवला की कुंई, उचलला की कुंई. दिव्यानीला सिरोंच्याला नर्सची नोकरी लागली होती. उद्या दुपारच्या आत तिथं हजर नाही झाली तर जागा गेली. म्हणून जवाई डोकं खाली, पाय दाराबाहेर काढून पेडलशी झुंजत होता.

"काय म्हन्ते तुमची महाराणी?" लटारूभाऊनं विचारलं.

"पेडलचा सांधा कोरडा पडला, मामाजी. पांढरं ग्रीस पाहिजे. चंद्रपूरला मिळेल."

"ग्रीसले चंद्रपूर! उद्या खाजवाले नख नागपूरहून मागवान!"

स्वप्निल हसला अन् हात धुवायला गेला. या माणसाला राग येत नव्हता, अन् त्याचाच लटारूभाऊला जास्त राग येई. शेंबडं पोरही दोन शब्द उलटून बोलते. हा नुसता दात दाखवते. लटारूभाऊ घरात गेले. टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची शिशी त्यांनी चुलीजवळ धरली, पातळ केली अन् पेडलच्या सांध्यात, स्प्रिंगवर सगळीच ओतली. पेडल दाबलं. चिडीचूप.

"झालं!" ते गल्लीत ऐकू जाईल असे ओरडले. "बैलगाडीवाल्यानं केलं. यानं दिवसभर नुसते पाय दाखवले!"

स्वप्निल म्हणाला, "भारी काम केलं, मामाजी."

पहाटे हीव असं पडलं की बादलीतल्या पाण्यात बोट बुडववत नव्हतं. सामान ठेवलं, दोघं बसले, स्वप्निलनं क्लच दाबला. पेडल खाली गेलं ते वर येईचना. टोळीचं तेल थंडीत तुपासारखं थिजते, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. लटारूभाऊनं तर काल स्वतःच्या हातानं ते वितळवलं होतं. पण जवायाची जिरवायच्या नादात अक्कल चुलीतच राहिली.

"आता कसं व्हते?" दिव्यानीनं घड्याळ पाहिलं. "बसनं मी दुपारच्या आत पोचतच नाई."

लटारूभाऊच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "मी म्हनलोच होतो, असल्या खेळण्याचा काय भरोसा? अन् चालवनारा तसाच!"

"माझंच काहीतरी चुकलं," स्वप्निल म्हणाला अन् पुन्हा उलटा झाला.

दिव्यानीची माय मनकर्णाबाई गरम पाणी अन् फडकी घेऊन आली. जवाई पुसत राहिला, पिळत राहिला. वासानं सगळं अंगण भरलं. शेवटी पेडल सुटलं. कुंई!

दिव्यानी खाली उतरली, मायच्या पाया पडली अन् बापासमोर येऊन उभी राहिली.

"त्याले कालच तेलाचा वास आला होता, बाबा. तुमाले वाईट वाटन म्हनून त्यानं पुसलं नाई. आज आळ आपल्यावर घेतला. अन् तुमी? माही नोकरी गेली असती तरी तुमाले चाललं असतं, पन 'चुकलं माहं' एवढं नाई म्हनवलं." ती मायकडं वळली. "माय, आता तूच येत जाय माह्याकडं. मी इथी नाई येत."

दार लागलं. गाडी कुंई कुंई करत वळली अन् दिसेनाशी झाली.

लटारूभाऊ घसा खाकरून म्हणाले, "पाह्यलं? वाजूनच राह्यली."

"वाजू द्या," मनकर्णाबाई फडकं पिळत म्हणाली. "तुमच्या तोंडापक्षा कमीच वाजते."