चौथ्या काठावरची चीर

सरकारी गौरवग्रंथात असे नमूद आहे की, मोहगावपलीकडच्या एका गावातली विहीर पुंडलिकराव पाटलांनी खोदली आणि पहिल्याच दिवशी 'उदार अंतःकरणाने सर्व जातींना खुली केली'.

विधान देखणे आहे. अडचण फक्त विहिरीची आहे. तिच्या दगडी काठावर तीन बाजूंना दोरांनी घासून पाडलेल्या खोल खाचा आहेत. चौथी बाजू खालच्या मोहल्ल्याकडची. तिथल्या खाचा उथळ, फार उशिरा सुरू झालेल्या. तोवर खालच्या मोहल्ल्याने पाणी बहुधा पाटलांच्या अंतःकरणातूनच शेंदले असावे. त्या खाचांच्या तळाशी एक रुंद, वेडीवाकडी चीर आहे. ती लोखंडाने पाडलेली. खालच्या मोहल्ल्यातल्या अंबाबाईने दोर सोडला, पाटलांनी कापला. पुन्हा सोडला, पुन्हा कापला. तेव्हा ती बैलगाडीची साखळी घेऊन आली.

अंबाबाई ही सुखदेवची आजी. सौंसरला इतिहास शिकवणाऱ्या सुखदेवने तिच्यावर प्रबंध लिहिला होता. तो परीक्षकांनी वाचला, असे म्हणतात. गौरवग्रंथ लिहिला त्याच्या वर्गमित्राने, भूपेंद्रने. भूपेंद्र पुंडलिकरावांचा नातू.

पांढुर्ण्याच्या प्रकाशन सोहळ्यात भूपेंद्रच्या खांद्यावर शाल पडली, तेव्हा सुखदेव जळला, पण आजीसाठी नव्हे. त्याला ती शाल हवी होती. तीच, त्या खोट्या वाक्याबद्दल मिळालेली. स्वतःविषयीचा हा पुरावा त्याने थंडपणे तपासला, ग्राह्य धरला आणि तरीही भूपेंद्रला बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठले. ग्रंथाची शालेय आवृत्ती लवकरच छापायला जाणार होती. एकदा ती मुलांच्या हाती पडली की अंबाबाई कधी नव्हतीच.

"या, प्रोफेसर साहेब!" भूपेंद्र हसला. "जळून राहिले का आमच्यावर?"

"जळूनच राहिलो. शाल ठेव तुह्यापाशी. मले एक वाक्य दे फक्त. साखळीचं."

"ग्रंथाच्या समितीले भांडण नाही पाहिजे, भाऊ. त्यायच्या इतिहासात सगळे एकमेकांले पाणी पाजून राहिले."

"समिती विहिरीवर आली होती का?"

"समिती रेस्ट हाऊसवर आली होती."

"मंग त्यायले अंबाबाई माहीतच नव्हती. माहीत होती तुले. नाव कोणं काढून टाकलं, भूपेंद्र?"

भूपेंद्रने शालीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग तो बोलला, ते शब्दशः असे:

"समितीच्या साहेबांनं भांडण गाळाले सांगतलं होतं. बाईचं नाव राहू देता आलं असतं. ते म्या काढून टाकलं. शाळेत तू तिची गोष्ट सांगे, तवा तुही छाती कशी फुगे, ते मी रोज पाहो. माह्या घरी आज्याची गोष्ट कोणीच सांगत नाही. हेवा वाटे मले तुहा. म्हणून तुह्या आजीचं मोठेपण म्या माह्या आज्याले देऊन टाकलं. अन् सरकारले नेमकं तेच पाहिजे होतं."