ड्रमची डावी बाजू

यशवंतरावांनी लोखंडी पट्टी फळीवर आडवी ठेवली आणि फळी डोळ्यांपुढं उजेडाकडं धरली. पट्टी मध्येच टेकली. दोन्ही कडांखालून चिखलीचं सकाळचं ऊन सरळ आरपार आलं.

"रंगराव, फळी हाय का गाभण म्हैस? निगडीच्या दुकानातनं साठच्या साठ दारं माघारी आली. ड्रम वाकडा हाय का न्हाई, एवढंच सांग."

"सरळ हाय मालक. कालच म्या लावलाय की."

बावीस वर्षांपूर्वी लातूरकडून आलेल्या रंगरावाची सँडर, म्हणजे फळी घासून सपाट करणारं यंत्र, लावायची रीत एकच. एकाच लाकडी पट्टीचे दोन सारखे ठोकळे कापायचे, काचपेपर गुंडाळलेल्या त्या लांब ड्रमच्या दोन्ही टोकांखाली एकेक सारायचा, वीज बंद करून ड्रम हातानं फिरवायचा आणि ठोकळ्यावर बोटं ठेवून ऐकायचं. बोटालाही कान असतात, असं तो म्हणे. दोन्हीकडं सारखी खरखर लागली की बोल्ट आवळायचे. मापाचं गेज कपाटात गंजून गेलं, पण त्यानं ते कधी मागितलं नाही.

आत्ताही त्यानं ठोकळे सारले, ड्रम फिरवला. डावीकडं, उजवीकडं, सारखंच. मग फळीला मधे पोट आलं कुठून? ड्रम एका अंगाला झुकला तर फळीची एकच कड पातळ होते. दोन्ही कडा पातळ व्हायच्या, तर कुणीतरी डावी कड उजवीकडं येईल अशी फळी फिरवून पुन्हा आत घातली पाहिजे.

हे यशवंतरावांच्याही ध्यानात आलं. घराणं शेतकऱ्याचं, शेडही वडिलांच्या वावरात घातलेली, तरी लाकूड त्यांना कळत होतं. त्यांची नजर यंत्रातून निघणाऱ्या फळ्या झेलणाऱ्या सुमनताईवर गेली. दोनदा कुणी घातल्या, असं त्यांनी विचारलं. नवरा गेल्यापासून तिची चूल याच शेडवर पेटत होती. तरी पदराला हात पुसत ती एवढंच म्हणाली, मी. उद्यापासून येऊ नको, असं सांगून मालक ऑफिसात गेले.

रंगराव तिच्याजवळ आला. "ताई, का केलंत असं?"

"चार महिने झाले, भाऊ. डावी कड रोज खाल्लेली यायची. तुम्हांला कोण सांगणार? म्हटलं फिरवून घालावी, दोन्ही कडा सारख्या दिसतील. तुमचं नाव राहील."

"आन् मदी पोट राहील, ते?"

"ते नाही सुचलं."

तो हसला, पण हसू मिशीपर्यंतच आलं. अंगठा बोटांवर घासत तो उभा राहिला. साखरेच्या आजारानं आधी त्याचे पाय बधिर, मुके केले होते. बोटांचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"आता तुमी हात लावा," तो म्हणाला.

तिनं भीत भीत दोन्ही ठोकळ्यांवर बोटं टेकवली. तो ड्रम फिरवत राहिला. जात्यावर बसलेल्या बाईला पीठ जाड पडतंय की बारीक, हे वाकून बघावं लागत नाही. खुंट्यातूनच ते तिच्या तळव्यात चढतं. तशी सुमनताई डोळे मिटून बसली.

"डावीकडं चावतंय, भाऊ. उजवीकडं नुसतं वारं."

त्याला दोन्हीकडं सारखं लागत होतं, कारण दोन्हीकडं काहीच लागत नव्हतं.

त्यानं पाना तिच्या हातात दिला. डाव्या टोकाचा बोल्ट तो सांगेल तसा, पाव पाव फेरा, ती फिरवत गेली. मग एक फळी घातली, तिच्यावर लोखंडी पट्टी धरली. पट्टीखालून उजेड आला नाही.

ती फळी काखेत मारून रंगराव ऑफिसात गेला. "बाईला काढू नका, मालक. ड्रम वाकडाच हुता. माझी बोटं मेलीत. ही फळी बघा. हा ड्रम तिनं लावलाय."

यशवंतराव बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिले. "मग तू काय करणार रं?"

"भुशाची पोती भरीन."

"बरं," ते म्हणाले. बावीस वर्षं त्या एका शब्दात मावली.

दुपारी टेम्पो लागला. ड्रायव्हरनं दारातूनच विचारलं, मिस्त्री कोण इथं? सवयीनं सगळी शेड रंगरावाकडं वळली. त्याच्या पाठीवर पोतं होतं. भुसा झिरपून मानेवर, भुवयांवर बसला होता. तो वाटेतून बाजूला सरला आणि यंत्राच्या डोक्याशी उभ्या असलेल्या सुमनताईकडं त्यानं हनुवटी केली.