खमिराचं मडकं

बेकरीवाल्याने आपल्या कुत्र्याची, टोस्टची, मान दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि डॉक्टरांनी सुई टोचली. थोड्याच वेळात मागच्या अंगणातल्या फरशीवर कच्च्या पिठाचा भला मोठा लगदा पडला. ताणलेलं पोट जरा सैल झालं, तशी टोस्टने धन्याच्या मनगटावर जीभ फिरवली.

"वेळेवर बोलावलंत," डॉक्टर हात धुताना म्हणाले. "मळलेलं पीठ पोटातल्या उबेने फुगतं, आंबतं. त्याचीच नशा चढून झिंगत होता हा कुत्रा. आता संध्याकाळपर्यंत खायला काही नाही, पाणी घोट घोट. मग बिनमिठाचा मऊ भात, तोही थोडा थोडा. पोट पुन्हा फुगलं तर लगेच घेऊन या."

डॉक्टर गेले. बेकरीवाल्याच्या डोक्यातली भट्टी मात्र आत्ता कुठे पेटली होती. त्याच्याकडे पीठ कडी लावलेल्या पेटीत असे, तिथे कुत्र्याचं तोंड पोहोचणं शक्यच नव्हतं. म्हणजे हे काम समोरच्याचं. समोरचा म्हणजे सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. याच भट्टीपुढे उभा राहून शिकला आणि पंख फुटल्यावर रस्त्यापलीकडे स्वतःची बेकरी थाटून बसला. गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं तेव्हापासून बेकरीवाला संधी शोधत होता. आज ती झिंगत झिंगत दारात आली होती.

"मुक्या जनावराच्या जिवावर उठला!" तो म्हणाला. "आरोग्य खात्याच्या साहेबालाच बोलावतो. भर गिऱ्हाइकांत त्याच्या काउंटरवर पुरावा आपटतो. त्याचं शटर पाडलं नाही, तर बापाचं नाव लावणार नाही."

बायको टोस्टच्या पोटावरून हात फिरवत होती. "आधी याला सावलीत घ्या," एवढंच ती म्हणाली.

त्याने लगदा चमच्याने बरणीत भरला. हे घाणेरडं काम करताना त्याला चक्क बरं वाटत होतं. झाकण लावण्यापूर्वी, रोज मळलेलं पीठ हुंगतो तशी, त्याने सवयीने बरणी नाकाशी नेली. ओकारीच्या वासाखाली दुसरा एक वास होता. आंबट, कच्च्या सफरचंदासारखा, शेवटी जरासा धुरकट. हा वास त्याला कळू लागलं तेव्हापासून ओळखीचा होता.

ते त्याच्या बापाचं खमीर होतं. जुनं आंबवलेलं पीठ कोठीतल्या मडक्यात कुलपाआड राही. त्यातलं थोडं रोज नव्या पिठात जाई, आणि म्हणून त्यांच्या पावाची चव दुसऱ्या कुणाला साधत नसे. वेगळं होताना मेहुण्याने त्यातलं मूठभर मागितलं होतं, हात जोडून. "कुत्र्याला घालीन, पण तुला देणार नाही," असं बेकरीवाल्याने सगळ्या कामगारांदेखत सुनावलं होतं.

कोठीची किल्ली नवराबायको सोडून कुणाकडे नव्हती. त्याने मान वर केली. बायको त्याच्याकडेच बघत होती.

"मी दिलं," ती म्हणाली. "पाठचा भाऊ आहे माझा."

"माझ्या बापाचं होतं ते!"

"होतं ना. पण जगवलं कुणी? मामंजींनी जाण्याआधी ते माझ्या हवाली केलं, तुमच्या नाही. तुमच्या हाताला धीर नाही म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी त्याला पीठपाणी मी घालते. तुम्ही नुसता वास घेता."

"आणि माझ्या कुत्र्याला मारायला निघाला तो?"

"कुणी मारत नाही. त्याचं सकाळचं पीठ फसलं, ते त्याने मागच्या पिंपात टाकलं. आपल्या टोस्टची चोरून खायची खोड सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मघाशी तोच धावत मला सांगायला आला, म्हणून डॉक्टर वेळेवर आले."

बेकरीवाल्याला हे ऐकायचं नव्हतं. सूड हातातोंडाशी आला होता आणि तो आता कुणावर तरी निघायलाच हवा होता. तो कोठीत शिरला, मडकं उचललं, मोरीत पालथं केलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

"घे," तो बायकोला म्हणाला. "आता वाट भावाला."

ती पालथं मडकं उचलून आत निघून गेली.

दुपारभर तो अंगणात टोस्टजवळ बसून राहिला. टोस्ट उठून रिकाम्या थाळीपाशी जाई, त्याच्या तोंडाकडे बघे आणि परत येऊन पायाशी पडे. तो त्याला घोट घोट पाणी पाजत होता. ऊन कललं तसा राग उतरला. उद्याच्या पावाचं पीठ आता मळायला घ्यायचं होतं, आणि ते मळायचं कशाने? दुसऱ्याला अपशकुन करायला तो स्वतःचंच नाक कापून बसला होता.

बायको बाहेर आली. एका हातात मऊ भाताची वाटी, दुसऱ्या हातात धुतलेलं मडकं. वाटी तिने टोस्टपुढे ठेवली, मडकं नवऱ्यापुढे.

"समोर तुम्हीच जा," ती म्हणाली. "आणि यापुढे खमिराचं सगळं तुम्हीच बघा. मी हात लावणार नाही."

टोस्टने चार घास खाल्ले. बेकरीवाल्याने त्याचं पोट बोटांनी चाचपून पाहिलं. ते मऊ होतं, त्यामुळे थांबायला काही निमित्त उरलं नाही. त्याने मडकं उचललं आणि रस्ता ओलांडला.

मेहुण्याकडे संध्याकाळची गर्दी होती. याला बघताच कामगारांचे हात थांबले. मेहुणा गिऱ्हाईक सोडून पुढे आला.

"टोस्ट कसा आहे, भाऊजी?"

"भात खाल्ला."

मेहुण्याने मडक्याकडे पाहिलं. आत जाऊन ते भरून घेऊन आला. बेकरीवाल्याने दोन्ही हातांनी ते घेतलं, वळला आणि दारातच अडला. गिऱ्हाइकं वाट सोडून उभी होती, सगळी त्याच्याकडेच बघत होती. त्यांतली निम्मी एकेकाळी त्याची होती.

"याला..." मडक्यात बघत तो हळूच म्हणाला, "रोज पीठ किती घालायचं?"