दूरचं विद्यापीठ

"बाबा, सही करा. खाली, उजवीकडे," मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली. पहिल्यांदा ती पाठमोरी बोलली होती, आणि मिस्त्रींना ते कळलंच नव्हतं.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. मोटारींच्या घरघराटात उजवा कान पुरता गेला, डावा निम्मा. घराबाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता. बायको गेल्यापासून कंपनीचे फोन मुलगीच घ्यायची. "बाबा कामात आहेत, निरोप देते," म्हणायची आणि चिठ्ठीवर लिहून पुढे ठेवायची.

सहीचा कागद जवळच्या विद्यापीठाचा होता. बसने वीस मिनिटं, वित्तशास्त्राची पदवी. टेबलावर दुसरंही पत्र पडलं होतं, आगगाडीने एक दिवस लांब असलेल्या विद्यापीठाचं. तिथे विम्याचं गणित शिकवत. माणसं किती वर्षं जगतात, घरांना किती आगी लागतात, याचा अंदाज बांधून विमा कंपन्यांचे हप्ते ठरवायचे. शाळेपासून मुलीला याच गणिताचं वेड होतं. तिला शिष्यवृत्तीही तिथलीच मिळाली होती.

"तुला तर ते विम्याचं शिकायचं होतं ना?"

"इथेही वित्तच आहे. शेवटी नोकरी बँकेतच करायची."

"मग तोंड का एवढंसं झालंय?"

"उन्हाने."

"माझ्यासाठी राहतेयस?"

ती खाली मान घालून काहीतरी पुटपुटली.

"वर बघून बोल."

"कंपनीचा फोन आला तर कोण घेणार?" ती ओठ स्पष्ट हलवत म्हणाली. "त्यांना कळलं तर तुम्हाला घरी बसवतील."

मिस्त्रींनी पेन खाली ठेवलं. "दोन्हीकडे उद्या पाचपर्यंत मुदत आहे ना? उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कंपनीच्या इंजिनियरसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, मला ऐकू येत नाही."

साहेब हसले. "मिस्त्री, इथे कोण कुणाचं ऐकतंय?"

"थट्टा नाही साहेब. तीन वर्षं झाली. फोनवर मुलगी बोलते."

साहेबांचं हसू मावळलं. "तीन वर्षं? अहो, वरून कुणी 'थांबा' म्हणून ओरडलं असतं तर?"

"तेच डोक्यात असायचं. दरवेळी वाटायचं, आज सांगून टाकू. धीर झाला नाही."

"मग आजच का?"

"मुलीला लांब शिकायला पाठवायचंय."

साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. मग मिस्त्रींकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "लिफ्टवर आता नाही पाठवता येणार. गोदाम सांभाळाल?"

"सांभाळतो."

मिस्त्रींनी कमरेचा लिफ्टच्या किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला.

तीन वाजता ते घरी आले. "लांबची जागा पक्की कर."

"आणि कंपनी?"

"सांगून आलोय. कानाला यंत्र लावा म्हणाले. काम आहेच."

मुलगी टेबलाशी बसली. मग तिने लॅपटॉप उघडला, होकार कळवला आणि आत निघून गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. डोळे मात्र लाल होते.

मुलगी विद्यापीठात गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, गोदामात तिचा फोन आला. कानातल्या नव्या यंत्राने आधी शिट्टी वाजवली, मग तिचा आवाज आला.

"बाबा, आज सरांनी एक तक्ता दाखवला. कुठल्या वयाच्या माणसाची अजून किती वर्षं धरायची, त्याचा."

"माझी किती धरलीत?"

"भरपूर! एवढ्यात सुटका नाही तुमची." ती हसली. ते हसू त्यांना स्पष्ट ऐकू आलं. "लिफ्ट काय म्हणतायत?"

"चालू आहेत सगळ्या." गोदामाचं त्यांनी तिला अजून सांगितलं नव्हतं.

फोन ठेवून त्यांनी समोर ताटकळलेल्या नव्या मिस्त्रीची चिठ्ठी घेतली आणि कप्प्यातून लिफ्टच्या ब्रेकचे दोन लायनर काढून दिले. तो जिना चढून दिसेनासा होईपर्यंत ते दारात उभे होते.