दाखल्यापुरती रजा

सृष्टीने कागद टेबलावर ठेवला आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दोन बोटं टेकवून ती उभी राहिली.

महापालिकेचा मृत्यूचा दाखला होता. शैलामॅडमनी सवयीने आधी शिक्का पाहिला, मग तारीख. सृष्टीच्या आईला जाऊन अकरा दिवस झाले होते. बुडालेली प्रॅक्टिकल्स दोन.

"या वेळी चालेल ना, मॅडम?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी ही मुलगी याच टेबलापाशी अशीच उभी होती. तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई बायकांच्या वॉर्डात, वडील चाकणला कारखान्यात पाळीवर, सोबतीला थांबायला घरात दुसरं बाईमाणूस नाही. रसायनशास्त्राची तीन प्रॅक्टिकल्स बुडाली होती. गैरहजेरीचा नियम शैलामॅडमनीच लिहिलेला, मुलांच्या थापांना विटून. विद्यार्थी स्वतः आजारी असल्याचं सर्टिफिकेट आणावं, नाहीतर घरात कुणी गेल्याचा दाखला. एरवी शून्य.

"नियमात आजारी विद्यार्थी आहे, आजारी आई नाही," त्या म्हणाल्या होत्या. पलीकडच्या टेबलावरचे प्राध्यापक हसले होते. ते हसणं त्यांना आवडलंही होतं.

सृष्टीने वाद घातला नाही. तीन शून्यांनी ती इंटर्नलला नापास झाली, आणि उन्हाळ्यात एका संशोधन संस्थेत मिळालेली जागा त्या एका विषयापायी गेली. आई मात्र त्या वेळी वाचली होती.

शैलामॅडमनी दाखल्याच्या कोपऱ्यात 'मान्य' लिहून सही केली.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या गुणांसाठी मी प्राचार्यांना पत्र देते. माझ्या नावाने."

"ते राहू द्या, मॅडम. परत परीक्षा दिली मी. सुटला तो विषय."

"आणि ती जागा?"

सृष्टीने सॅकची चेन लावली. "ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल ना."

दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"मॅडम, आमच्या वर्गातला राकेश. त्याचे वडील वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात आहेत. आईला ठेवलं होतं त्याच हॉस्पिटलात. जिन्यात भेटायचा, डबा घेऊन चाललेला. तो काही तुम्हाला सांगणार नाही."

ती गेल्यावर शैलामॅडमनी हजेरीपत्रक काढलं. राकेशच्या नावापुढे लाल शाईत चार गैरहजेऱ्या होत्या. अक्षर त्यांचंच. दुपारी त्यांनी शिपायाकरवी त्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी राकेश आला. दाढी वाढलेली, शर्टाला हॉस्पिटलचा फिनेलचा वास. त्यांनी काही विचारण्याआधीच त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून पुढे केला.

"सर्टिफिकेट आहे, मॅडम."

कात्रजच्या कुठल्याशा डॉक्टरांचं होतं. चि. राकेश यास टायफॉइड, तीन आठवडे सक्तीची विश्रांती. शिक्का ठसठशीत, तारखा चारही प्रॅक्टिकल्सना चोख बसणाऱ्या. नियमाला हवं ते सगळं त्यात होतं.

शैलामॅडमनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. असा कागद सृष्टीलाही मिळाला असता. कात्रजला नाही तर आणखी कुठे. तिने तो आणला नव्हता. घरात काय चाललंय ते तिने जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि आपण तिच्या खरेपणाला तीन शून्यं दिली होती.

राकेश खाली मान घालून उभा होता. उजव्या पायाचा अंगठा फरशीवर दाबत होता.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. 'मान्य' हा शब्द लिहायला या वेळी वेळ लागला. सही करून त्यांनी कागद फाइलमध्ये टाकला आणि फाइल मिटली.

"शनिवारी ये. चारही प्रॅक्टिकल्स करून घेऊ," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत?"

राकेशने दचकून आधी मिटलेल्या फाइलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काल पहिल्यांदा पेज घेतली, मॅडम."